चार-पाच, शून्य-शून्य

पवई तलावाच्या काठाने आय.आय.टी.कडून गणेश घाटाच्या दिशेने चालत निघालं की वाटेत एक बाक लागतो. त्याच्या पाठीची एक पट्टी तुटलेली आहे, म्हणून त्यावर सहसा कुणी बसत नाही, आणि म्हणूनच तो आमचा. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तिथे काकू बसलेल्या असतात. चष्मा कपाळावर, हात पुरता लांब केलेला आणि हाताच्या टोकाला फोन. दुरून बघणाऱ्याला वाटावं, बाई तलावाचा फोटो काढतायत. जवळ गेलं की ऐकू येतं, "तीस-पंधरा... तीस-तीस... अगं बाई, तीस-चाळीस."

काकू आमच्याच सोसायटीतल्या, बी विंगच्या. सत्तरी ओलांडलेल्या. सारा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे बचत खात्यांची पुस्तकं भरण्यात गेलेला, त्यामुळे आकड्याला त्या बिचकत नाहीत. पण टेनिसशी त्यांचा संबंध आला तो बहिणीच्या नातीमुळे. ही मुलगी छोट्या स्पर्धा खेळते. छोट्या म्हणजे किती, तर जिथे एकूण बक्षीस पंधरा हजार डॉलर असतं आणि ते एकेरीच्या बत्तीस मुलींत आणि दुहेरीच्या जोड्यांत वाटायचं असतं. कधी सोलापूर, कधी पुण्याचं डेक्कन जिमखाना, कधी एकदम ट्युनिशियातलं मोनास्टिर. या सामन्यांना टीव्ही नसतो. मोनास्टिरला प्रेक्षक म्हणून बहुधा दुसऱ्या एखाद्या मुलीची आई असते. असतो तो फक्त स्कोअर, ज्याला हवा त्याने फोनवर बघावा.

मला टेनिसचं वेड लहानपणापासून, त्यामुळे काकूंनी मला दुभाषी नेमलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलेला प्रश्न मी जन्मात विसरणार नाही. ड्यूसनंतर स्कोअरच्या जागी 'एडी' अशी अक्षरं उमटली होती. काकू म्हणाल्या, "बघ, ऐन वेळेला जाहिरात लावली मेल्यांनी." ते ॲडव्हांटेजचं 'ॲड' आहे हे मी त्यांना समजावलं, पण आता आमच्या दोघींत तोच शब्द रूढ झालाय. "काय गं, काय झालं?" "जाहिरात आपली." म्हणजे एक पॉइंट मिळाला की गेम आपला.

मुंबईत स्कोअर विचारणं ही तशी अनोळखी माणसांनी आपसांत बोलायची एक सोय आहे. लोकलमध्ये कानाला यंत्र लावलेल्या कुणालाही खांद्यावर हात ठेवून "किती झाले?" विचारावं, तो न चिडता सांगतो, वर कोण आऊट झालं आणि कसा गाढवपणा करून झालं तेही सांगतो. हा मान फक्त क्रिकेटला. टेनिसचा स्कोअर विचारणारा माणूस मला कांजूरमार्ग ते सीएसएमटी या प्रवासात आजवर भेटलेला नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर बस तासभर एका जागी उभी असते, अर्ध्या बसचे डोळे फोनमध्ये असतात, आणि माझ्या हातात कुठल्या तरी सेटचा पाच-पाच असा जीवघेणा आकडा थरथरत असतो, पण तो सांगावा असं शेजारी कुणी नसतं. काकूंच्या रूपाने इतक्या वर्षांनी कुणीतरी मला "किती झाले?" विचारत होतं. त्याचं अप्रूप त्यांना कळलं नसावं.

हे आकडे येतात तरी कुठून, असं त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं की कोर्टाच्या कडेला उंच खुर्चीवर अंपायर बसतो, त्याच्याजवळ एक छोटं यंत्र असतं, पॉइंट संपला की तो त्यावर बोट टेकवतो. ते बोट तिकडे टेकलं की इकडे पवईत आकडा बदलतो. काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तारच की." पोस्टातल्या बाईला दुसरं काय आठवणार? खरंच तारच. मजकूर कमीत कमी, काय घडलं तेवढं कळतं, कसं घडलं ते पत्र येईल तेव्हा.

आणि तार टीव्हीच्या आधी पोचते, ही आणखी एक गंमत. मोठ्या स्पर्धांच्या वेळी आमच्या घरी टीव्हीवर सामना चालू असतो आणि नवरा शेजारी फोनवर स्कोअर उघडून बसतो. टीव्हीवर अजून चेंडू हवेत उडालेला असतो, सर्व्हिस पडायची असते, आणि हा शांतपणे म्हणतो, "गेला गेम." चित्र उपग्रहांना वळसे घालत येणार, आकडा सरळ येतो. बिनतोड सर्व्हिस बघायला मान पुढे काढावी तर ती बिनतोड आहे हे आधीच माहीत. यावरून आमच्याकडे खरीखुरी भांडणं झाली आहेत. आता नियम असा की सामना बघायचा असेल तर फोन फ्रिजवर. काकूंना अर्थात हा प्रश्नच नाही. त्यांच्याकडे चित्र नाहीच, आकडेच आहेत.

आकडे बघणं मी शिकले ते मात्र उलट्या क्रमाने, चित्र अर्ध्यावर हरवल्यामुळे. ३ जुलै १९९३, शनिवार. आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहत होतो. मी तेरा वर्षांची आणि स्टेफी ग्राफची कट्टर भक्त. भातवाढणी हातात घेऊन मी तिच्यासारखा फोरहँड मारत असे. विम्बल्डनचा अंतिम सामना शेजाऱ्यांकडे बघायला गेले होते. समोर चेक प्रजासत्ताकाची याना नोव्होत्ना. पहिला सेट स्टेफीने कसाबसा टायब्रेकमध्ये घेतला, दुसरा नोव्होत्नाने ६-१ असा ओढून नेला आणि तिसऱ्यात ती ४-१ अशी पुढे गेली. नेटकडे धावत येऊन ती अशी काही व्हॉली मारत होती की स्टेफीला काही सुचत नव्हतं. बाहेर पाऊस कोसळत होता. आणि ४-१ ला लाइट गेली.

डोंबिवलीत पावसाळ्यात लाइट जाणं म्हणजे काही बातमी नव्हे. शेजारच्या काकांनी मेणबत्ती लावली, दहा मिनिटं वाट बघितली, मग त्यांच्याकडे पानं वाढायची वेळ झाली आणि मी घरी आले. आईने आमटी-भात वाढला, मी दोन घास खाल्ले. अंधारात उशीवर पडून मी ५-१, ६-१ असे आकडे मनातल्या मनात पुरे केले. खालच्या डबक्यात बेडूक ओरडत होते. स्टेफी हरली होती, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

सकाळी पेपर आला, भिजलेला, एका कडेला शाई फुटलेली. स्टेफी ग्राफ विजेती, ७-६, १-६, ६-४. मी बाबांना म्हटलं, छापताना नावं उलटी पडली आहेत. बाबांनी चहाचा कप खाली न ठेवता बातमी वाचली आणि म्हणाले, "नाही गं, ती दुसरी रडलीय बघ, बक्षीस देणाऱ्या डचेसच्या खांद्यावर डोकं ठेवून." तिसऱ्या सेटमध्ये ४-१, ४०-३० असं असताना, एक पॉइंट मिळाला तर ५-१ होणार अशा क्षणी नोव्होत्नाने दुहेरी चूक केली होती आणि तिथून सगळं निसटत गेलं. आमची लाइट गेली ती नेमकी त्याच गेमच्या आसपास.

मला आनंद झाला का? झाला असेल. पण आज आठवतं ते पेपरातल्या त्या ६-४ कडे बघत बसणं. त्या सहा आणि चारच्या आत कुठेतरी एक ४-१ पुरलेलं होतं आणि पेपरात त्याची खूणसुद्धा नव्हती. ज्याने सामना बघितला नाही त्याला वाटावं, झाली असेल बरोबरीची झुंज, घेतली असेल स्टेफीने शेवटी एक सर्व्हिस भेदून. मी तेव्हापासून वहीत स्कोअर लिहून ठेवायला लागले आणि प्रत्येकाच्या पुढे, कळलं असेल तर, मध्ये कुठे काय होतं ते कंसात. ती वही दोन घरं बदलताना गेली. नोव्होत्ना पुढे १९९८ मध्ये एकदाची विम्बल्डन जिंकली. २०१७ च्या नोव्हेंबरात ती वारली, अवघ्या ४९ व्या वर्षी. बातमी मी फोनवर वाचली, हिरानंदानीतल्या एका दुकानाबाहेर उभी राहून, आणि हातातली भाजीची पिशवी जड झाल्यासारखी वाटली.

त्या डोंबिवलीच्या रात्री दहा-बारा तास माझ्यापुरती स्टेफी हरलेली होती. आता असं रात्रभर चुकीचं राहता येत नाही. लाइट गेली तरी फोन चालू असतो, आकडा येऊन सांगतोच. मला कधी कधी त्या बारा तासांची आठवण येते. खोटं दुःख होतं, पण पुरतं माझं होतं.

काकूंना मात्र टेनिसचा हिशेबच पटत नाही. त्यांची तक्रार अशी की पासबुकात शिल्लक म्हणजे सगळ्या नोंदींची बेरीज, इथे तसं का नाही? मी त्यांना १४ जुलै २०१९ ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आणि त्याच लंडनमध्ये विम्बल्डनची पुरुषांची अंतिम लढत. भारत उपांत्य फेरीत हरून परतला होता, तरी आमच्या क्लब हाऊसमध्ये पडदा लावून इंग्लंड-न्यूझीलंड बघायला सगळी सोसायटी जमली होती. मी बाहेर जिन्याच्या पायरीवर फोन घेऊन. रॉजर फेडरर पाचव्या सेटमध्ये ८-७ ने पुढे, स्वतःची सर्व्हिस, ४०-१५. दोन पॉइंटपैकी एक मिळाला की संपलं. आकडा ४०-३० झाला. मग ड्यूस. मग 'जाहिरात' जोकोविचची. मग ८-८. पुढे १२-१२ ला टायब्रेक, तो नियमही विम्बल्डनला त्याच वर्षी आलेला, आणि चार तास ५७ मिनिटांनंतर जोकोविच विजेता. आतून लोकांचा आरडाओरडा येत होता, तो वेगळ्याच कारणासाठी. थोड्या वेळाने तिकडेही सामना बरोबरीत, सुपर ओव्हर बरोबरीत, आणि इंग्लंडला कप मिळाला तो जास्त चौकार मारले म्हणून.

"आणि गंमत अशी," मी काकूंना म्हटलं, "सगळे पॉइंट मोजले तर फेडररचे २१८ आणि जोकोविचचे २०४."

काकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "चौदा जास्त? आणि हरला?"

"हरला."

"आमच्या खिडकीवर असं झालं असतं तर रात्री दहापर्यंत घरी सोडलं नसतं."

जून २०२५ मध्ये फ्रेंच खुल्या स्पर्धेत पुन्हा तेच. यानिक सिनरचे पॉइंट १९३, कार्लोस अल्कराझचे १९२, आणि साडेपाच तासांच्या त्या सामन्याचा विजेता अल्कराझ, तोही चौथ्या सेटमध्ये तीन मॅच पॉइंट वाचवून. मी काकूंना सांगायला गेले की गेम जिंकला की त्यातले जादा पॉइंट मागे राहतात, सेट जिंकला की जादा गेम मागे राहतात, पुढे काहीच न्यायचं नसतं. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "कळलं. हंडा भरला की वरचं वाहून जातं." आणि हाताने समोर तलावाकडे दाखवलं.

इतकं बिनचूक मला सुचलं नसतं. पवई तलावाचं नेमकं तेच होतं. १८९० च्या सुमारास बांधलेला हा तलाव, पोटात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी मावतं, आणि काठोकाठ भरला की वरचं सगळं मिठी नदीत. दर पावसाळ्यात महापालिका जाहीर करते, अमुक तारखेला अमुक वाजता पवई तलाव ओसंडून वाहू लागला. मुंबईकराचा हाही एक स्कोअरच आहे. जून उजाडला की पेपरात रोज कोष्टक येतं. भातसा, तानसा, मोडकसागर, विहार, तुळशी, वैतरणेच्या दोन जागा, प्रत्येकापुढे पाणीसाठ्याचा आकडा आणि गेल्या वर्षी याच दिवशीचा आकडा. विहार-तुळशी सोडली तर ठाणे-नाशिककडची ही नावं, त्यातली बरीचशी आपण कधी डोळ्यांनी पाहिलेली नसतात, पण टक्का वाढला की आपण चहा पिता पिता बरं म्हणतो. पवईचं नाव त्या सातांत नसतं. हे पाणी पिण्याचं नव्हे, कारखान्यांना आणि इतर कामांना जातं. सातांना मानांकन, पवई बिनमानांकित. तरी भरल्याची बातमी मात्र हिची हमखास छापून येते, कारण शहरात राहून भरते.

८ जुलै २०२४ ला पहाटे पवई अशी भरून वाहिली. त्या सोमवारी मुंबई ठप्प होती, रुळांवर पाणी, गाड्या बंद. मी दिवसभर घरी, आणि रात्री फोनवर विम्बल्डनमधले टेलर फ्रिट्झ आणि अलेक्झांडर झ्वेरेव. फ्रिट्झ पहिले दोन सेट हरून पुढचे तीन जिंकला. खिडकीबाहेर पाऊस, तिकडे सेंटर कोर्टवर छत ओढून घ्यायची सोय. आपल्याकडे ती असती तर काय झाकलं असतं कोण जाणे, बहुधा कुर्ला स्टेशन.

काकूंचा सगळ्यात आनंदाचा दिवस मात्र त्याच्या आदल्या वर्षीचा. ३० सप्टेंबर २०२३, अनंत चतुर्दशीनंतर दोनच दिवसांनी. घाटावर अजून निर्माल्याचे ढीग होते, फुलांचा आंबूस वास होता, मांडवाचे बांबू काढायचं काम चाललं होतं. हांगझोऊला आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीची अंतिम लढत, रोहन बोपण्णा आणि ऋतुजा भोसले. ऋतुजा श्रीरामपूरची, ही माहिती काकूंनी कुठून मिळवली होती देव जाणे. त्या दिवशी आम्ही भर दुपारी बाकावर. पहिला सेट २-६ गेला. काकूंनी फोन मला दिला. दुसरा ६-३ आला. काकूंनी फोन परत घेतला. मग तिसऱ्याच्या जागी आकडे भराभर पळायला लागले आणि पुढे १०-४. "हा कुठला सेट, दहा-चार?" मी सांगितलं, हा सेट नव्हे, दहा पॉइंटचा टायब्रेक, आणि काकू, सुवर्णपदक. त्यांनी आजूबाजूला बघितलं. सांगावं असं कुणीच नव्हतं. बांबू सोडणाऱ्या पोराला हाक मारून त्या म्हणाल्या, "अरे, श्रीरामपूरची मुलगी जिंकली." तो म्हणाला, "हो का मावशी? छान," आणि पुन्हा सुतळी कापायला लागला.

एवढा आनंद झाला तरी काकूंनी तोवर प्रत्यक्ष टेनिस कधी पाहिलं नव्हतं. आमच्या सोसायटीत कोर्ट आहे, पण त्यावर पोरं रबरी चेंडूने क्रिकेट खेळतात आणि रविवारी गाड्या धुतात. म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत मी त्यांना चर्चगेटला, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर मुंबई ओपन बघायला घेऊन गेले. याच स्पर्धेत २०१७ मध्ये आर्यना सबालेंका जिंकली होती, तेव्हा तिला इथे कोण ओळखत होतं? त्या आठवड्यात कोइम्बतूरची माया राजेश्वरन, अवघी पंधरा वर्षांची, पात्रता फेरीतून सुरुवात करून थेट उपांत्य फेरीत पोचली होती. शनिवारी तिची गाठ स्वित्झर्लंडच्या यिल टाइशमनशी. ती ६-३, ६-१ अशी हरली, पण मी सांगतेय ते वेगळंच.

पहिले तीन-चार पॉइंट झाले तरी काकू काही बोलल्या नाहीत. मान डावीउजवीकडे फिरवायचं सोडून त्या एकटक एकाच बाजूला बघत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढंच?"

"म्हणजे?"

"चार फटके आणि झालं?"

"हो, बऱ्याचदा तेवढंच."

"मग बाकीचा वेळ काय करतात?"

बाकीचा वेळ समोर चालूच होता. माया मागच्या भिंतीकडे गेली, टॉवेल घेतला, तोंड पुसलं, मनगट पुसलं, पोराकडून तीन चेंडू घेतले, एक परत दिला, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ केल्या, रेषेपाशी आली, चेंडू चारदा आपटला. दोन पॉइंटच्या मध्ये पंचवीस सेकंद मिळतात, त्यातला प्रत्येक सेकंद ती वापरत होती. मग सर्व्हिस, परतीचा फटका, अजून एक, चेंडू जाळीत. पाच सेकंद.

तेव्हा काकूंनी मला सांगितलं ते असं. इतके दिवस फोनवर एक आकडा बदलून दुसरा येईपर्यंत जो वेळ जायचा, तो सगळा वेळ नात पळतेय असं त्यांना वाटायचं. मोनास्टिरच्या उन्हात, या टोकापासून त्या टोकाला, न थांबता. आकडा अडकून राहिला की त्यांच्याच पोटऱ्या दुखायला लागायच्या. अडीच तासांच्या सामन्यात ती अडीच तास पळाली, असा त्यांचा हिशेब. "मी बहिणीला फोन करून सांगत होते, पोरीला काही खायला-प्यायला देतात की नाही बघा." आणि ही तर बसते. टॉवेल घेते. पाणी पिते. बाजू बदलताना छत्रीखाली खुर्चीवर दीड मिनिट चक्क पाय पसरून बसते.

परतताना सीएसएमटीहून गाडीत खिडकी मिळाली. काकू भायखळ्यापर्यंत गप्प होत्या, मग एकदम हसल्या. "दीड मिनिट," म्हणाल्या. "कुर्ल्याला गाडी उभी राहते त्यापेक्षा जास्त."

मला वाटतं त्या दिवसापासून त्यांचं फोन बघणं बदललं. आता आकडा हलला नाही तरी त्या घाबऱ्या होत नाहीत. उलट त्या मधल्या वेळात काय चाललं असेल त्याचं वर्णन करतात, मला ऐकवत, धावत्या समालोचनासारखं. "आता घाम पुसतेय. आता तो एक चेंडू परत दिला तिने, तिला लव निघालेला आवडत नाही. केस घट्ट बांधले." २०१० मध्ये विम्बल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना तीन दिवस चालला, ११ तास ५ मिनिटं, पाचवा सेट ७०-६८, आणि कोर्टवरचा इलेक्ट्रॉनिक फलक ४७-४७ ला थिजून गेला, कारण त्याच्यापुढे मोजावं लागेल असं तो बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ही गोष्ट मी काकूंना सांगितली तेव्हा त्यांना फलकाचं काही वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "मग तेवढ्या वेळात जेवले कधी?"

परवाची संध्याकाळ. आभाळ भरून आलेलं, तलावावर जलपर्णीचा हिरवा पट्टा वाऱ्याने आय.आय.टी.च्या बाजूला सरकलेला, त्याच्या कडेवर दोन बगळे. नात पुन्हा मोनास्टिरला. दुसरी फेरी. पहिला सेट तिचा, दुसरा गेलेला, तिसरा चालू. मी पोचले तेव्हा तीन-चार होतं. ड्यूस, जाहिरात त्यांची, ड्यूस, जाहिरात आपली, पुन्हा ड्यूस. काकूंचं समालोचन चालू होतं, पण आवाज थोडा बारीक झाला होता. चार-चार. मग समोरचीने आपली सर्व्हिस भराभर राखली.

चार-पाच. शून्य-शून्य.

पावसाचे दोन-चार थेंब आले. काकूंनी फोनची काच पदराने पुसली आणि परत हात लांब करून धरली. आकडा हलला नाही. घाटाजवळच्या भुट्टेवाल्याने प्लास्टिकचा कागद ओढून घेतला. रस्त्यावर बेस्टच्या बसचे दिवे लागले होते. मी मनात मोजायला लागले, दीड मिनिट, मग दोन. मी म्हटलं, "काकू, जरा रिफ्रेश करा, नेट गेलं असेल."

काकूंनी फोन बाकावर, आमच्या दोघींच्या मध्ये, उपडा ठेवला.

"बसू दे जरा तिला," त्या म्हणाल्या.